डचेसचं माहेरपण

केसलिंग म्यूझियमला शंभर वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा आमचे संचालक डॉ. ज्युलियन ॲव्हरिल यांनी जनतेवर विश्वास ठेवायचं ठरवलं. याआधी त्यांनी तो कधी ठेवला नव्हता. सवय नव्हती, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

मी मार्लिस व्होग्ट. म्यूझियमची प्रसिद्धी माझ्याकडे आहे. म्हणजे मी पत्रकं काढते, वर्तमानपत्राला फोन करते, आणि ज्या कार्यक्रमाला कुणी फिरकत नाही त्याला ‘निवडक रसिकांचा जिव्हाळ्याचा मेळावा’ म्हणते. जन्म क्लेअरफोर्डचा, शाळा इथलीच, घटस्फोटही इथलाच. ॲव्हरिल मात्र न्यूयॉर्कहून आले होते. आयोवात आल्यावर पहिल्याच मुलाखतीत ते म्हणाले की इथला प्रकाश त्यांना फार भावला. तो नोव्हेंबर महिना होता. ते बाराही महिने काळे कपडे घालत, आणि गावातले शेतकरी पहिल्या वर्षी त्यांना अदबीनं विचारत, “कोण गेलं?”

तर शताब्दीसाठी त्यांची कल्पना अशी की गावानं म्यूझियममधली आपली सगळ्यात आवडती कलाकृती निवडायची. बँकेत, वाचनालयात, किराणा दुकानात आणि दोन्ही चर्चमध्ये कार्डांचे गठ्ठे ठेवायचे. जी कलाकृती जिंकेल ती मुख्य दालनात मधोमध लावायची आणि तिच्यासमोर मेजवानी करायची. कोण जिंकणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आमच्याकडे एका नामवंत फ्रेंच चित्रकाराचं वीतभर हिवाळी निसर्गचित्र आहे. बर्फ, एक कुंपण, एक कावळा. बाहेरच्या खांबांवर लावायचे झेंडे त्यांनी ते चित्र छापून आधीच मागवले होते.

“कार्डावर चार-पाच चित्रांची नावं छापू या,” मी म्हटलं. “लोकांनी नुसती खूण करायची.”

“मार्लिस, आपण पर्याय दिले की लोकांचा आवाज दाबला जातो,” ॲव्हरिल म्हणाले. “ओळ कोरी ठेवा.”

क्लेअरफोर्डचा आवाज दाबणं किती अवघड आहे हे मला ठाऊक होतं. पण पगार त्यांच्या सहीनं होतो. मी ओळ कोरी ठेवली.

मोजणीही उघड्यावर, ही त्यांचीच हौस. मुख्य दालनात लांब टेबल मांडलं, गावच्या वर्तमानपत्राची बातमीदार बोलावली, आणि शेजारच्या खुर्चीवर विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा लोरेन केसलिंग येऊन बसल्या. केसलिंगबाई म्हणजे संस्थापकांची नात. आजोबांनी मिसिसिपी नदीतल्या शिंपल्यांपासून शर्टाची बटणं बनवायचा कारखाना काढला, अर्ध्या गावाला त्यात कामाला लावलं, आणि उरलेल्या पैशांत आम्हाला संस्कृती दिली. बाईंनी ऐंशी ओलांडली होती, आणि गावात कुणी त्यांना कधी बसच्या थांब्यावर, रांगेत किंवा चुकलेलं पाहिलं नव्हतं.

ॲव्हरिलनी पहिलं कार्ड उचललं आणि वाचलं. “गाय.”

ते हसले आणि कार्ड बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. “ती गाय.” तिसऱ्यावर लिहिलं होतं, “मोठी गाय.” चौथ्यावर कुणीतरी तीन वेळा खाली रेघ ओढून लिहिलं होतं, “गाय परत आणा.”

“कुठली गाय?” त्यांनी विचारलं.

 केसलिंगबाई छताकडे बघत होत्या. आमचं छत बघण्यासारखं आहे, पण इतका वेळ नाही.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. गायीच्या कार्डांचा ढीग टेबलावरून घसरत होता. दुसरा नंबर तळघरातल्या पाणी पिण्याच्या नळाला मिळाला, कारण त्याचं पाणी उन्हाळ्यात गार असतं. तिसरा लोखंडी चिलखताला. फ्रेंच हिवाळ्याला जी थोडी मतं पडली त्यातलं एक माझं होतं आणि एकाचं अक्षर संचालकांच्या अक्षराशी फारच मिळतंजुळतं होतं.

गायीची हकिगत मला ऑफिसात दार लावून त्यांना सांगावी लागली. केसलिंगबाईंचे आजोबा ऑगस्ट केसलिंग यांना बटणांखालोखाल गुरांचा नाद होता. त्यांच्या एका गायीला राज्याच्या जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं, नाव डचेस. तेव्हा प्रुइट नावाचा एक फिरता चित्रकार गावात दुकानांच्या पाट्या रंगवत होता. केसलिंगनी त्याला जेवूखाऊ घालून डचेसचं चित्र काढून घेतलं. जवळजवळ खऱ्या गायीएवढं. प्रुइटला गायीपेक्षा पेट्या जास्त काढायची सवय असावी, कारण डचेसचं अंग ट्रंकेसारखं चौकोनी आहे आणि पाय काठ्यांसारखे. पण डोळा असा काढलाय की दालनात कुठेही उभं राहा, ती तुमच्याकडेच बघते. म्यूझियम उघडलं त्या दिवसापासून ती दारासमोर होती. शाळेची सहल आली की प्रत्येक मूल तिच्या नाकाला हात लावायचं. मीही लावलाय. हळूहळू ते नाक काळं गुळगुळीत झालं.

“मग ती गेली कुठे?”

“चाळीस वर्षांपूर्वीच्या संचालकांना आधुनिक व्हायचं होतं,” मी म्हटलं. “तेही न्यूयॉर्कचेच होते. त्यांनी तिच्या जागी ते नारिंगी चित्र आणलं.”

“‘क्रमांक नऊ’,” ॲव्हरिल जरा दुखावल्यासारखे म्हणाले. खालून वर नारिंगी, वरून खाली काळं, मध्ये दोघांची मारामारी. “ते आपल्या संग्रहातलं सर्वात महत्त्वाचं अमूर्त चित्र आहे.”

“असेल. गाय त्यांनी मागच्या अंगणात काढली. मोडक्या खुर्च्या आणि जुन्या पडद्यांबरोबर तिचीही विक्री झाली.”

“विश्वस्त मंडळानं ते होऊ दिलं?”

“ठराव एकमतानं झाला. केसलिंगबाई तेव्हा मंडळात सगळ्यात तरुण होत्या.”

ॲव्हरिलनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे ती आता कुठे आहे ते कुणालाच माहीत नसणार,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच आशा ऐकू आली.

“हायवेवर हृस्काच्या स्टेकहाउसात आहे. सॅलडच्या टेबलावरच्या भिंतीवर.”

“हे कुणाला माहीत होतं?”

“सगळ्यांना.”

त्यांनी मला एक निवेदन लिहायला लावलं की जनतेनं ग्रामीण विषयांबद्दल सर्वसाधारण आत्मीयता व्यक्त केली आहे. मी लिहिलं. वर्तमानपत्रानं ते दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं छापलं, आणि वर डचेसचा मोठा फोटो टाकला. फोटोत खाली बटाट्याच्या सॅलडचं भांडंही आलं होतं. त्यानंतर राजधानीतल्या मोठ्या वर्तमानपत्राचा फोन आला. त्यांना हे सगळं फार गोड वाटत होतं. ॲव्हरिलना कळून चुकलं की आता गाय आणल्यावाचून सुटका नाही.

आम्ही दुपारी गेलो, गर्दी ओसरल्यावर. भाजलेल्या गोमांसाचं ते हॉटेल चालवणारा डेल्मर हृस्का शाळेत माझ्यापुढे होता. अंगानं आडवा, बोलणं कमी, आणि एप्रन न घातलेला मी त्याला अंत्ययात्रेशिवाय पाहिला नव्हता. त्याच्या वडिलांनी, एमिलनी, गाय विकत घेतली तेव्हा मांसाच्या गाडीतून ती घरी आणायला डेल्मरच गेला होता. जिवंतपणी बक्षीस मिळवलेली गाय मेल्यावर खाटकाच्या गाडीतून गेली, यावर गावानं तेव्हा बराच काळ करमणूक करून घेतली होती.

“बसा, डॉक्टर,” डेल्मर म्हणाला. “काय घेणार?”

ॲव्हरिलनी मांस सोडलं होतं. त्यांनी मेनू दोन्ही बाजूंनी वाचला. “मांस नसलेलं काय आहे?”

“कॉफी.”

कॉफी आली. ॲव्हरिल मान वर करून डचेसकडे बघत होते. चाळीस वर्षांच्या तळणाच्या धुरानं तिच्यामागचं आकाश तपकिरी झालं होतं, आणि तिचा डोळा सॅलडच्या टेबलावरून सरळ त्यांच्या कपाकडे लागला होता.

“मिस्टर हृस्का, ही गावाची ठेव आहे,” ते म्हणाले. “सामूहिक स्मृती आहे. ती लोकांना बघायला मिळायला हवी.”

“लोक इथेच येतात, डॉक्टर. मंगळवारी बंद असतं.”

“आम्ही ती सन्मानानं विकत घेऊ.”

“विकायची नाही.”

“मग निदान शताब्दीपुरती, उसनी. सहा आठवडे.”

डेल्मरनं फडक्यानं टेबल पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं. “माहेरपणाला न्या, माझं काही म्हणणं नाही. पण भिंतीचं काय? तिथे पांढरा चौकोन दिसेल. लोकांना जेवताना बघायला काहीतरी लागतं.”

“आम्ही एक सुंदर पोस्टर देऊ.”

“पोस्टरं बिअरवाले देतात. त्याच मापाचं काहीतरी द्या.” तो थांबला, मग माझ्याकडे वळला. “मार्लिस, तिला काढून तिच्या जागी जे लावलं होतं ते अजून आहे का गं तुमच्याकडे?”

मी म्हटलं, आहे.

“मग तेच द्या. फिट्टंफाट.”

त्या चित्रातलं नारिंगी जितकं भडक आहे, तितका ॲव्हरिलचा चेहरा पांढरा पडला. ते उष्णतेबद्दल बोलले, बाष्पाबद्दल बोलले, तळणीबद्दल बोलले, विमा कंपनीबद्दल तर फार वेळ बोलले. डेल्मरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना आणखी कॉफी ओतली. परतताना ॲव्हरिल गाडीत, पुलावर आल्यावर म्हणाले, “याला आपण ‘संवाद’ म्हणू शकतो.”

मी पत्रकात संवाद म्हटलं.

अशा रीतीनं डचेस माहेरी आली आणि ‘क्रमांक नऊ’ सासरी गेलं. विमा कंपनीची अट होती की कुणीतरी नियमित जाऊन स्टेकहाउसातल्या हवेची उष्णता आणि दमटपणा मोजायचा. ते काम माझ्यावर आलं, म्हणून तिथे काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं आपापला विनोद केला. कुणी म्हणालं भोपळ्याचा अपघात, कुणी म्हणालं डेल्मरनं स्टेक करपवला त्याचा फोटो आहे, कुणी विचारलं हे वरची बाजू खाली तर नाही ना लागलं. दुसऱ्या आठवड्यात विनोद संपले आणि चित्र उरलं. त्याच्या अगदी खालच्या टेबलावर स्ट्राउड नवरा-बायको बसत, वेंडेल आणि आयोन. दोघं शेतीतून निवृत्त झालेली, आणि माझ्या माहितीप्रमाणे जेवताना एकमेकांशी बोलणं त्यांनी फार पूर्वीच आटोपलेलं होतं. एके दिवशी मी आकडे टिपत असताना वेंडेल काटा खाली ठेवून म्हणाला, “आमचं कोठार जळलं तेव्हा आतून असंच दिसत होतं.”

“तू आत गेला होतास?” आयोन म्हणाली.

“वासरं होती आत.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नव्हतंस.”

आयोननं चित्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “मला ती पहाट वाटते,” ती म्हणाली. त्यावर त्यांचा वाद सुरू झाला. पुढच्या वेळी गेले तेव्हाही तोच चालू होता, आणि शेजारच्या टेबलावरची माणसंही दोन बाजूंनी त्यात उतरली होती. म्यूझियममध्ये त्या चित्रासमोर लोक सरासरी किती वेळ थांबतात हे आम्ही एकदा मोजलं होतं. तो आकडा मी इथे सांगत नाही, आमच्या संस्थेची शोभा होईल.

इकडे म्यूझियममध्ये डचेसला आंघोळ घातली गेली. त्यासाठी शिकागोहून दोघं जण पांढरे हातमोजे घालून आले. कापसाच्या बोळ्यांनी त्यांनी तिच्यावरचा धूर आणि कांद्याचा वास उतरवला, आणि खालून निळंभोर आकाश निघालं. गावकऱ्यांनी तक्रार केली की आकाश तपकिरी होतं. ॲव्हरिलनी त्यांना समजावलं की निळं हेच मूळ आहे. लोकांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

मेजवानीच्या संध्याकाळी दालनात मेणबत्त्या होत्या, व्हायोलिन होतं, आणि गायीच्या आकाराचा केक होता, जो कुठून कापायला सुरुवात करावी हे कुणाला ठरवता येत नव्हतं. डेल्मरला आमंत्रण होतं. तो अंत्ययात्रेचा सूट घालून आला आणि मागे खांबाजवळ उभा राहिला. ॲव्हरिल बोलले. ‘ऐकणं’ या विषयावर बोलले. म्यूझियमनं कसं नम्रपणे ऐकायला शिकलं पाहिजे आणि आपण हे पहिल्यापासून कसं ओळखलं होतं, हे त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की झेंड्यांवरचा तो फ्रेंच कावळा आठवत असूनही मला गहिवरून आलं.

मग केसलिंगबाई उठल्या. त्यांनी आजोबांची आठवण काढली, बटणांची काढली, आणि डचेसकडे हात करून म्हणाल्या, “काही काळापूर्वी आमच्या कुटुंबानं आमची ही लाडकी गाय हृस्का कुटुंबाकडे सांभाळायला दिली होती. त्यांनी ती नीट सांभाळली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.”

दालनात जरा चुळबुळ झाली. चाळीस वर्षांपूर्वी मागच्या अंगणात उभे असलेले बरेच जण त्या टेबलांवर बसले होते.

“मॅडम,” खांबाजवळून डेल्मर म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता, ऑर्डर घेताना असतो तसाच. “मग चाळीस वर्षांच्या चाऱ्याचं तेवढं बघा.”

सगळं दालन हसलं. व्हायोलिनवालाही हसला. केसलिंगबाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि समोर आलेला केकचा तुकडा, जो शेपटीचा होता, त्यांनी काट्यानं बाजूला सारला.

पुढचे आठवडे गर्दी ओसरत नव्हती. डचेसभोवती मखमली दोर लागला होता आणि दोराशी पहारेकरी. तिला जवळून बघायला यायचं डेल्मरला लगेच जमलं नाही. मंगळवारीच त्याला सुट्टी, आणि एका मंगळवारी तो आला तेव्हा मी त्याला आत घेऊन गेले. तो दोरापर्यंत गेला आणि वाकून बघायला लागला.

“जरा मागे सरा, सर,” पहारेकरी म्हणाला.

“अरे, गाय त्यांचीच आहे,” मी म्हटलं.

“असू दे, नियम आहे,” डेल्मर म्हणाला आणि मागे सरला. पण त्याची नजर हलली नव्हती. “मार्लिस, हिचं नाक कुठे गेलं?”

मग माझ्या लक्षात आलं. नाक गुलाबी होतं. ओलसर, चकचकीत, नुकतंच रंगवलेलं. शिकागोच्या माणसांनी ते मूळ स्थितीला आणलं होतं आणि त्याबद्दल दोन पानांचा अहवालही दिला होता. मी स्वतः तो वाचून पत्रकात ‘नवं तेज’ असं लिहिलं होतं. नाकाचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

“साफ केलं त्यांनी,” मी म्हटलं.

 “माझी आई लहानपणी बटणांच्या कारखान्यात होती,” डेल्मर म्हणाला. “शिंपल्यांच्या भुशानं बोटं चिरलेली असायची. रविवारी म्यूझियम फुकट असायचं आणि आत ऊब असायची, म्हणून सगळ्या पोरी इथे यायच्या. आल्या की नाकाला हात लावायच्या. बाबांनी ही घेतली ती तिच्यासाठी घेतली. ते काळं होतं ना, त्यात तिचा हात होता.”

दोराशेजारी ठेवलेला पत्रकांचा गठ्ठा मी उलटा करून ठेवला. 

“ठरलेल्या दिवशी गाडी घेऊन येतो,” तो म्हणाला.

त्याचा इरादा कळल्यावर विश्वस्त मंडळात धावपळ झाली, कारण तोवर दुकानात डचेसचे कप, डचेसचे हातरुमाल आणि डचेसच्या आकाराच्या साबणवड्या विकायला आल्या होत्या, आणि गाय नसताना साबण विकणं अवघड जातं. ॲव्हरिलनी डेल्मरला सुचवलं की गाय कायमची दिली तर म्यूझियममधला एक भाग त्याच्या आईवडिलांच्या नावानं ओळखला जाईल. कुठला भाग, डेल्मरनं विचारलं. तळघरातला, ॲव्हरिल म्हणाले, तिथे वर्दळ फार असते. पाण्याच्या नळाजवळ.

“नळाला दुसरा नंबर मिळाला होता,” डेल्मर म्हणाला. “त्याचं त्यालाच राहू द्या.”

ठरलेल्या सकाळी म्यूझियम उघडायच्या आधी तो गाडी घेऊन मागच्या दाराशी आला. आम्ही दोघं दालनात गेलो तर केसलिंगबाई एकट्याच डचेससमोर बसलेल्या. दोर त्यांनी बाजूला केला होता. पहारेकऱ्यानं त्यांना मागे सरायला सांगितलं नव्हतं.

मला वाटलं आता वकिलाचं नाव निघणार. पण त्या डेल्मरकडे न बघताच बोलल्या. “लहानपणी मला हिची भीती वाटायची.”

डेल्मर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मी काही चुकीचं केलं की ही बघायची. आजोबांच्या ऑफिसातून लिमलेटच्या गोळ्या उचलल्या तरी बघायची. घरी नोकर ओरडायचे नाहीत, आईवडील घरात नसायचे. हीच एक बघायची. म्हणून त्या ठरावाच्या वेळी मी सगळ्यात आधी हात वर केला. वाटलं, सुटले.”

“मग आता का ठेवून घ्यायची आहे?” डेल्मरनं विचारलं.

“आता बघायला दुसरं कुणी उरलेलं नाही,” केसलिंगबाई म्हणाल्या.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांच्या तोंडून निघालेलं, मी दुरुस्त करायची गरज नसलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

डेल्मरनं विचार केला. गाय ठेवून जातो असं तो म्हणेल की काय, अशी मला क्षणभर धास्ती वाटली. पण तो हृस्का होता. “मंगळवार सोडून कधीही या, मॅडम,” तो म्हणाला. “अकराला उघडतो.” मग आम्ही सगळ्यांनी मिळून गाय उचलली. ती जड आहे. प्रुइटनं चौकट कोठाराच्या लाकडाची केली होती.

वसंत ऋतूत एका मोठ्या मासिकात ॲव्हरिलवर लेख आला, ‘ज्यानं ऐकलं’ अशा अर्थाचा. फोटोत ते काळ्या कपड्यांत मक्याच्या शेतात उभे होते. उन्हाळ्यात त्यांना कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या म्यूझियमनं बोलावून घेतलं. निरोपाच्या वेळी त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की क्लेअरफोर्डनं त्यांना बदललं. तिकडेही ते गावाला मतदान करायला लावणार आहेत असं ऐकलंय. या वेळी कार्डावर नावं छापली आहेत.

‘क्रमांक नऊ’ परत आलं आणि तात्पुरतं गोदामात गेलं, कारण त्याच्या भिंतीशी साबणांचं कपाट उभं राहिलं होतं. दोन आठवड्यांनी स्ट्राउड नवरा-बायको तिकीटखिडकीशी आले. आयोननं चर्चला घालायचे कपडे घातले होते. “आमचं नारिंगी कुठे आहे?” तिनं विचारलं. मी त्यांना गोदामात नेलं आणि दोन घडीच्या खुर्च्या दिल्या. ती दोघं तिथे जेवणाची वेळ होईपर्यंत बसली. वाद मिटला नाही. नव्या संचालकबाई अजून यायच्या आहेत, आणि मी कपाट हलवायचा अर्ज त्यांच्या टेबलावर तयार ठेवलाय.

राहिल्या केसलिंगबाई. महिनाभर त्या आल्या नाहीत. मग एका रविवारी मी हृस्काकडे जेवत असताना त्यांची गाडी दारात थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं. त्यांनी घरून आणलेला कापडी रुमाल मांडीवर पसरला, कागदी रुमालांचा डबा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सारला, आणि डचेससमोरची जागा घेतली. स्टेक आला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि डेल्मरला बोलावलं.

“हा चिवट आहे.”

डेल्मर काही न बोलता प्लेट घेऊन गेला आणि दुसरी घेऊन आला.

“हाही चिवट आहे,” बाई म्हणाल्या.

“असेल,” डेल्मर म्हणाला. “आमच्याकडे तो असाच मिळतो.”

त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे. मग सुरी उचलून त्यांनी तो सगळा संपवला, सावकाश, एकेक तुकडा करून, आणि जाताना सांगून गेल्या की पुढच्या रविवारी बारा वाजता हेच टेबल हवं आहे, आणि बटाटा जरा कमी मीठ घालून.